तबकडीच्या टप्प्याबाहेर

मी गेणभाऊंच्या खिशातली डबी बोलतेय. डॉक्टर लोक मला श्रवणयंत्र म्हणतात, दुकानदार कानाचं मशीन म्हणतात, पण ज्यांच्या छातीवर मी इतकी वर्षं बसले त्यांनी मला डबी म्हटलं, म्हणून मीही स्वतःला डबीच म्हणते. काडेपेटीहून जरा मोठी, राखाडी रंगाची. अंगातून एक वायर निघते, तिच्या टोकाला एक बोंडूक असतं, ते कानात बसवायचं. पोटात एक पेन्सिल सेल. आजवर मी एकाचं ऐकून दुसऱ्याच्या कानात पोचवत आले. स्वतःचं काही सांगायची वेळ कधी आली नव्हती.

माझ्या जन्माबद्दल सांगण्यासारखं थोडं आहे. कारखान्यात एका लांब टेबलाशी बसलेल्या मुलींनी मला जोडलं. एकीने माझ्याजवळ तोंड आणून ‘हॅलो, हॅलो’ म्हटलं, दुसरीने बोंडूक कानाला लावून मान डोलावली आणि मी पास झाले. मग खोक्यात घालून मला जुन्नरला आणलं. तिथे एका शाळेत कानाचं मोफत शिबिर भरलं होतं. वर्गातल्या बाकांवर म्हातारी माणसं ओळीने बसलेली, आणि पुकारलेलं नाव त्यांतल्या एकालाही ऐकू येत नव्हतं. शेवटी तिथल्या बाई एकेकाच्या खांद्याला हात लावून उठवू लागल्या. असाच हात लागून गेणभाऊ उठले आणि मी त्यांच्या पदरात पडले.

बाईंनी त्यांना माझी ओळख करून दिली. माझ्या कडेला एक खिट्टी आहे, ती तीन जागी थांबते. पहिल्या जागी मी बंद. मधल्या जागी मी माणसांचं बोलणं ऐकते. तिसरी जागा टेलिफोनसाठी. खिट्टी तिथे गेली की माणसांकडे मी पाठ फिरवते, आणि जवळपास विजेची तार किंवा मोटर असलीच तर तिची घूं तेवढी ऐकते. “बाबा, ही तिसरी जागा तुमच्या कामाची नाही, तिकडे सरकू देऊ नका,” बाई म्हणाल्या. गेणभाऊंनी जोरात मान डोलावली. ऐकू न येणारी माणसं फार मान डोलावतात, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. बाई हे सगळं सांगत होत्या तेव्हा बोंडूक अजून त्यांच्या हातातच होतं.

गेणभाऊंचं गाव खोडद. घरी बायको चिमाबाई. मुलगी उज्ज्वला लग्न होऊन आंबेगाव तालुक्यात, डिंभ्याच्या धरणापलीकडे डोंगराच्या पायथ्याला असलेल्या एका वाडीवर नांदत होती. चिमाबाईंना इतक्या वर्षांत नवऱ्याशी ओरडून बोलायची सवय जडली होती. मी आले त्या दिवशी त्यांनी नेहमीसारखं “भाकर खाता का?” विचारलं आणि गेणभाऊ ओट्यावरून उठून उभे राहिले.

“अगं, हळू! मी काय तिकडं आळे गावाला बसलोय?”

चिमाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि डोळे पुसले. हळू बोलायला मात्र त्यांना महिनाभर लागला.

आता खोडदची गोष्ट सांगितली पाहिजे. गावाच्या शिवाराला लागून ताऱ्यांचा वेध घेणाऱ्या दुर्बिणीच्या प्रचंड तबकड्या उभ्या आहेत. बांधकामाच्या वेळी गेणभाऊ एका तबकडीच्या पायाला खडी वाहायला होते. त्यामुळे तबकडीच्या आत काय चालतं याबाबत गावात आपल्याइतका अधिकार कुणाचाच नाही, असं त्यांचं मत होतं. एकदा लोकांना दुर्बीण बघायला आत सोडलं तेव्हा तिथल्या एका तरुण माणसाने सांगितलं, ताऱ्यांकडून रेडिओ लहरी येतात, त्या इथे पकडतात. गेणभाऊंनी त्यातला रेडिओ तेवढा उचलला. रेडिओत आवाज असतो, म्हणजे तबकडी आवाज पकडते. पुढचं सगळं शास्त्र त्यांनी घरी येऊन स्वतः उभारलं आणि मारुतीच्या पारावर बसून मोफत शिकवायला सुरुवात केली.

“आवाज असतो हलका, चुलीच्या धुरावानी,” ते सांगायचे. “तोंडातनं निघाला की निघाला वर. आपलं कान जड झालं की वर गेलेला आवाज आपल्याला घावत न्हाई. तबकडी त्यो वरच्या वर झेलती.”

“मग तबकडीला जाळी कशापायी, भाऊ? पत्रा का न्हाई ठोकला?” शेजारचा सावळेराम विचारायचा. त्याला उत्तर पाठ होतं, तरी विचारायचा.

“चाळन हाय ती. ताऱ्याचा आवाज जाडा, त्यो वर ऱ्हातो. साहेब लोक त्यो घेऊन जात्यात. मानसाचा आवाज बारीक, त्यो खाली गळतो. गळल्याला आवाज आपली डबी गोळा करती.” असं म्हणून ते खिशावर हात ठेवायचे, आणि पारावरचे सगळे माझ्याकडे आदराने बघायचे.

मला लाज वाटायची. माझ्या पोटात एक इवलासा कान आहे. समोरचा आवाज त्यात पडतो, मी तो मोठा करून वायरीतून पुढे ढकलते. बस, इतकंच माझं शास्त्र. तबकडीशी माझं नातं म्हणाल तर दोघी ऐकतो, एवढंच. पण गेणभाऊंकडे पुरावे होते. तबकडीपाशी उघड्या माळावर गेलं की माझ्यातून मोठा आवाज येतो, हा पहिला. तो वाऱ्याचा असायचा. तबकडीने तोंड फिरवलं की आवाज बारीक होतो, हा दुसरा. त्या दिवशी सेल उतरलेला असायचा. उतरलेला सेल ते पत्र्यावर चिमाबाईंच्या कुरडयांशेजारी उन्हात वाळत घालायचे. माणसं ओलं बोलतात म्हणून सेलला ओल धरते, असं त्यांचं म्हणणं होतं. घरात कुणी रडून बोललं की सेल लवकर दमतो, हेही त्यांनीच शोधून काढलेलं. वाळवलेला सेल आणखी दोन-चार दिवस खरंच चालायचा, त्यामुळे त्यांना खोडून काढायचं कुणी?

आणखी एक खोड त्यांना होती. मला ते कधी बंद करायचे नाहीत. झोपतानासुद्धा बोंडूक कानातून काढायचे आणि मला तशीच चालू ठेवायचे. पाण्याचं इंजिन सारखं बंद-चालू केलं की डिझेल जास्त खातं, तसंच हिचं, असं ते म्हणायचे. सेल भराभर संपायचे आणि पत्र्यावरची रांग वाढत जायची.

इथपर्यंत सगळं हसण्यासारखं होतं.

पहिल्यांदा मला घेऊन ते उज्ज्वलाच्या वाडीला निघाले तो दिवस मला आठवतो. नारायणगावला एसटी बदलली, मंचरला पुन्हा बदलली. घोडेगावच्या पुढे गाडीत इतकी गर्दी झाली की एका पाटीवाल्या बाईचं कोपर माझ्यावर दाबलं गेलं आणि माझी खिट्टी तिसऱ्या जागी सरकली. वाडीवर तेव्हा वीज आली नव्हती. तारा नाहीत, मोटर नाही. माणसांकडे माझी पाठ आणि ऐकायला घूंसुद्धा नाही. दारात उज्ज्वला आली, “तात्या, या,” म्हणाली, आणि गेणभाऊंना काहीच ऐकू आलं नाही.

त्यांनी मला थोपटलं, फुंकर मारली, आवाजाचं चाक शेवटपर्यंत फिरवलं. मग अंगणाच्या कडेला जाऊन चहूकडे बघितलं. सगळीकडे डोंगर आणि भाताची खाचरं. एकही तबकडी दिसेना. त्यांचा चेहरा एकदम निवळला.

“आरं, तरीच! तबकडीचा टप्पा हितवर न्हाई.”

परत येताना त्यांनी बोंडूक खिशातच ठेवलं. खोडदच्या वेशीवर विजेच्या तारांखाली उतरून ते कानात घातलं आणि माझ्यातून घूं झाली. “जागी झाली तबकडी,” म्हणत त्यांनी मला बाहेर काढून चाचपलं, त्यात खिट्टी मागे सरकून मधल्या जागी आली, आणि पारावरची माणसं ऐकू येऊ लागली. झालं. आता हे शास्त्र म्हणजे काळ्या दगडावरची रेघ होती. त्यानंतर ते केव्हाही वाडीला निघाले की शेवटची तबकडी दिसेनाशी झाल्याबरोबर बोंडूक कानातून काढून खिशात टाकायचे. मी मात्र खिशात चालूच असायची. त्यामुळे त्यांना जे ऐकू गेलं नाही ते मी सगळं ऐकलं.

उज्ज्वलाला मुलगी होती, हर्षाली. तिसरं वर्ष संपत आलं तरी ती बोलत नव्हती. मागून हाक मारली तर वळत नव्हती. उज्ज्वलाची सासू झुंबरबाई म्हणायची, “आमच्यात पोरं उशिराच बोलत्यात, हिचा बाप संपत पाचव्या वर्षी बोलला.” पण उज्ज्वला बहिऱ्या बापाची मुलगी होती, तिने हे लहानपणापासून पाहिलेलं होतं. तात्या आले की ती ताट वाढायच्या निमित्ताने जवळ बसायची आणि खालच्या आवाजात सांगायची, “तात्या, हर्षीला ऐकू येत न्हाई वो. मला लई भ्या वाटतं. तुमच्यावानी मशीन तिला भेटंल का?” अशी गोष्ट ओरडून सांगता येत नाही. आत सासू, बाहेर शेजार. गेणभाऊ तिच्या ओठांकडे बघून हसायचे, “बरं बरं, चांगलं हाय,” म्हणायचे आणि आणखी आमटी वाढून घ्यायचे. मी त्यांच्या छातीवरच होते. एवढा मोठा आवाज करणारी मी, त्या वेळी माझा काही म्हणजे काही उपयोग झाला नाही. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

पुढच्या दिवाळीला उज्ज्वला माहेरी आली. हर्षालीला चौथं लागलं होतं. खोडदच्या स्वयंपाकघरात बोंडूक वडिलांच्या कानात असताना तिने एका दमात सगळं सांगितलं.  गेणभाऊंनी बोंडूक काढलं, हर्षालीला मांडीवर घेतलं आणि ते तिच्या कानाला धरलं. चिमाबाईंनी मागे जाऊन पितळीवर चमचा वाजवला.

हर्षाली गर्रकन वळली. इतकी घाबरली की रडायला लागली, आणि स्वतःचं रडणं ऐकून गप्प झाली. पुन्हा थोडं रडून बघितलं. घरातले सगळे हसत होते आणि सगळ्यांचे डोळे भरले होते. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा मान. तो तेवढ्यापुरताच होता.

“मशीन तर मी मिळवून देतो,” गेणभाऊ म्हणाले. “संक्रांतीच्या म्होरं जुन्नरला शिबिर हाय. पन पोरी, तुज्या वाडीवर ते चालायचं न्हाई. तितं टप्पाच न्हाई. मी सोता बघितलंय.”

उज्ज्वलाचा चेहरा उतरला. “मग काय करायचं, तात्या?”

“हर्षीला हितं ठेव. तबकडीखाली वाढंल, ऐकंल, बोलंल. हितल्या शाळंत घालू.”

“पोर आईपास्नं तोडायची?” चिमाबाई म्हणाल्या. “काय बोलताय तुमी?”

“तितं ऱ्हाऊन मुकी ऱ्हाईल. त्यापरीस हे बरं.”

आणि हे सगळं प्रेमाने चाललं होतं, ही त्यातली अवघड गोष्ट. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. उज्ज्वलाने रात्रभर विचार केला असावा, कारण सकाळी तिचे डोळे सुजले होते. ती म्हणाली, “मार्गशीर्षात या आनि घेऊन जा. तवर माझ्याजवळ ऱ्हाऊ द्या.” एक खिट्टी एका बोटभर जागेने सरकली होती, आणि त्यापायी एक आई चौथ्या वर्षातली मुलगी दुसऱ्या तालुक्यात ठेवायला तयार झाली. मला तोंड असतं तर मी त्या दिवशी गाव गोळा केलं असतं.

मार्गशीर्षात गेणभाऊ वाडीला गेले. सवयीप्रमाणे वाटेत बोंडूक खिशात टाकलं. चढ चढून दमले होते. जेवण झाल्यावर बंडी काढून दाराजवळच्या खुंटीला अडकवली आणि ओट्यावर आडवे झाले. मी खुंटीवर, चालू, आणि वायर खाली लोंबत होती. खिट्टी मधल्या जागी होती. आत उज्ज्वला हर्षालीचे कपडे पिशवीत भरत होती. संपत खाचराकडे गेला होता, त्याला हे बघवत नव्हतं.

उज्ज्वला एकटीच बोलत होती. “ह्यो झगा आखूड झाला, तरी असू दे. थंडीत आजीजवळ झोपायचं बरं का, हर्षे. आईला इसरायचं न्हाई. मी येईन, दर सणाला येईन.” ज्या मुलीला एक अक्षर ऐकू येत नाही तिच्याशी ती असं रोजच बोलत असे.

हर्षालीने लोंबणारी वायर बघितली. दिवाळीतली आठवण तिला असणारच. तिने वायर ओढली, मी खिशातून निसटून तिच्या पोटावर आदळले. मला एका हाताने घट्ट धरून तिने दुसऱ्या हाताने बोंडूक कानाशी नेलं. मी आतलं बोलणं पकडलं आणि माझ्यात होता नव्हता तेवढा जोर लावून पुढे ढकललं.

ती थबकली. मग आवाजाच्या दिशेने एकेक पाऊल टाकत आत गेली आणि पाठमोऱ्या उज्ज्वलाच्या मागे उभी राहिली. “आनि रडायचं न्हाई,” उज्ज्वला म्हणत होती. हर्षालीने पुढे होऊन तिच्या तोंडावर हात ठेवला. आवाज थांबला. हात काढला.

“हर्षे?” उज्ज्वला पुटपुटली. तिला वायर दिसली. तिने हर्षालीचं तोंड भिंतीकडे फिरवलं, चार पावलं मागे गेली आणि पुन्हा म्हणाली, “हर्षे.” हर्षाली वळून हसली.

“तात्या! तात्या वो!” करत उज्ज्वला ओट्यावर धावली. तात्यांना कुठलं ऐकू येतंय? तिने त्यांना गदागदा हलवून बसवलं, त्यांच्यासमोर हर्षालीला पाठमोरी उभी केली आणि मागे परात आपटली. हर्षाली वळली. गेणभाऊंनी स्वतः परात घेतली. हळू वाजवली, मग आणखी हळू. प्रत्येक वेळी ती वळली. मग ते अंगणाच्या कडेला गेले आणि त्या दिवशीसारखेच डोंगरांकडे बघत राहिले. एकही तबकडी कुठे नव्हती.

झुंबरबाई दारात येऊन उभी होती. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. गेणभाऊंनी तो घेतला, पण प्यायले नाहीत.

“टप्पा वाढला असंल,” ते आधी म्हणाले. मग उज्ज्वलाकडे बघून त्यांनी मान हलवली. “न्हाई पोरी. मीच सांगत बसलो. तू बोलत व्हतीस आनि मी सांगत बसलो.”

त्यांनी आत जाऊन पिशवीतले कपडे एकेक करून बाहेर काढले आणि मांडणीवर ठेवले. मग बंडीच्या आतल्या खिशातून उन्हात वाळवलेले सेल काढून हर्षालीच्या ओंजळीत दिले. उज्ज्वला मला परत द्यायला लागली तेव्हा त्यांनी हात मागे घेतला. “शिबिर हुईस्तवर तिलाच असू दे. मी म्हातारा मानूस, मला काय ऐकायचंय आता?”

त्या वर्षी शिबिर भरलंच नाही. पुढच्या वर्षीही नाही. मी वाडीवरच राहिले. उज्ज्वलाने झग्याला छातीवर खिसा शिवला, त्यात मला ठेवायची. भात सडायचा आवाज, कोंबड्या, सासूचं खोकणं, नदीचं पाणी, हे सगळं हर्षालीने माझ्यातून ऐकलं. सहाव्या वर्षी ती दोन शब्द जोडून बोलली. इकडे खोडदला गेणभाऊ पुन्हा मुके बसायला लागले होते. पारावर कुणी खुणेने डबीचं शास्त्र विचारलं की हाताने ‘नाही’ करायचे.

पुढे वाडीवर वीज आली, हर्षाली शाळेत जाऊ लागली, आणि तिला पुण्याहून कानामागे बसणारं नवं छोटं मशीन मिळालं. मग मला परत करायला ती उज्ज्वलाबरोबर खोडदला आली. गेणभाऊ अंथरुणाला खिळलेले होते. त्यांनी तिला मोठी होताना बघितलं होतं, पण तिचा आवाज त्यांनी कधीच ऐकला नव्हता. ती बोलू लागली तेव्हा मी तिच्याकडे होते.

हर्षालीने मला त्यांच्या छातीवर ठेवलं, खिट्टी मधल्या जागी आहे ना ते बघितलं आणि बोंडूक त्यांच्या कानात बसवलं. सरावाने, हलक्या हाताने. मग माझ्याजवळ तोंड आणून म्हणाली, “आजोबा, मी हर्षाली.” तिच्या बोलण्यात काही अक्षरं तेव्हाही येत नव्हती, ‘हर्षाली’चं ‘हल्लाली’ व्हायचं. गेणभाऊंनी डोळे मिटून घेतले.

ती थांबली तशी त्यांनी तिचा हात धरला. “आनखी बोल,” म्हणाले.

ती बोलत राहिली. शाळेचं, बकरीचं, वाडीवरच्या नव्या दिव्याचं. ते मधूनमधून “आनखी” म्हणत राहिले. तो सेल मी संध्याकाळपर्यंत कसा पुरवला ते माझं मला माहीत.

त्यानंतर ते फार दिवस जगले नाहीत. आता मी हर्षालीच्या पत्र्याच्या पेटीत असते. एका जुन्या सेलमधलं पाणी झिरपून माझ्या पोटातली पट्टी हिरवी पडली आहे, वायर कडक झाली आहे, माझ्यातून आता आवाज जात नाही. हर्षाली मोठ्या शाळेत आहे. दुकानात साखर मागितली की दुकानदार “काय?” विचारतो, आणि ती न चिडता पुन्हा सांगते. तिसऱ्या वर्षीच मशीन मिळालं असतं तर ती स्वच्छ बोलली असती, असं तिच्या शाळेतल्या बाई उज्ज्वलाला म्हणाल्या. खरं असेल.

गेणभाऊंच्या शास्त्राला तुम्ही खुशाल हसा. मीही हसत आले. माझी एकच विनंती आहे. तुमच्या घरात, शेजारात एखादं मूल हाकेला वळत नसेल, तर ते का वळत नाही आणि मशीन कुठे चालत नाही हे पारावरच्या शहाण्यांकडून ऐकत बसू नका. मशीन घ्या आणि ते मूल राहतं तिथेच, त्याच घरात, त्याच्या कानाला एकदा लावून बघा. आणि लावाल तेव्हा थाळ्या-पराती वाजवू नका. त्याच्या आईला बोलू द्या.